खुशालरावाचा लकवा

दि. ६ जुलै २०१५, सोमवार

खुशालराव भाषण करणार म्हणे — ध्वनिक्षेपकावर!

दुपारी गावची आशा आरोग्यसेविका ज्योत्स्ना आली. रविवारी प्रार्थनामंदिर हवे आहे, अमरावतीहून डॉक्टरीणबाई येणार आहेत, पक्षाघाताविषयी गावास माहिती द्यावयाची आहे, असे तिने सांगितले. मला वाटले, पुढचे वाक्य ओळखीचे असेल. गावात काही असले की प्रास्ताविक मी करतो, आभार मी मानतो. स्मशानात शोकसभा असते तेथे श्रद्धांजलीही मीच वाहतो. मी घसा साफ केला. ती म्हणाली, किल्ली तुमच्यापाशीच असते ना, आबाजी?

किल्ली दिली. मग सहज विचारले, बोलणार कोण? म्हणाली, मॅडम बोलतील आणि मग खुशालकाका.

हा खुशालराव आणि मी एका बाकावर बसत होतो. तो दुसऱ्या इयत्तेत दोनदा बसला आणि म्हशींमागे गेला. मी चौथी उत्तीर्ण झालो आणि धामणगावच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर आयुष्य काढले. बाक सोडला तर बरोबरी अशी कधी नव्हतीच. गेल्या फाल्गुनात त्याच्या अंगावरून वारे गेले. उजवी बाजू गळाली, वाचा बसली. गयासुद्दीनची काळीपिवळी टॅक्सी नेमकी त्याच्या दाराशी उभी होती. त्याने कोणास काही न विचारता उचलून गाडीत घातले आणि थेट अमरावतीस नेले. इंजेक्शन वेळेवर मिळाले. महिन्याभरात स्वारी आपल्या पायांनी परत!

येथे खरे लिहावयाचे आहे. त्याला नेले त्या सायंकाळी मी त्याची श्रद्धांजली मनात जुळवून ठेवली होती. फार चांगली जुळली होती. ती तशीच राहिली.

दि. १२ जुलै, रविवार

मंदिर भरले. बाहेर चपला ठेवण्यास जागा नव्हती. सायंप्रार्थनेस हल्ली एक सतरंजीही भरत नाही.

डॉक्टर हीना मॅडम तरुण आहेत, बोलणे स्वच्छ आहे. त्यांनी मेंदूची चित्रे दाखवली. लोकांनी चित्रे पाहिली आणि जांभया दिल्या. नंतर खुशालराव उभा राहिला. ध्वनिक्षेपक कसा धरतात हेही त्यास ठाऊक नाही. वांगे धरावे तसा धरला.

'पाहा बावा, मी काई शिकेल माणूस नाई. मले लकवा झाला, तेवढंच माह्यं शिक्शन.'

लोक हसले. शिक्शन!

मग म्हशीची एक गोष्ट. मग चहाची. सकाळी ओसरीवर चहा घेत होता, कप उचलावयास गेला आणि हात आलाच नाही — हे त्याने सांगितले नाही, करून दाखवले. उजवा हात गळाला. त्या हातातील दुपट्टा खाली पडला. उजवा ओठ लोंबला. जीभ जड करून बायकोस, दुर्गाबाईस, हाक मारली, तिचा अर्थ लागेना. बायकांनी तोंडाला पदर लावले. आणि हा एकदम ताठ उभा राहून डोळा मिचकावतो! म्हणतो, भ्याले ना? दुर्गीबी अशीच भ्याली होती. टाळ्या थांबेनात.

त्यानंतर त्याने उपदेश केला. माणूस वाकडा दिसला की तीन गोष्टी कराव्यात. हासून दाखव म्हणा. दोनी हात वर कर म्हणा. नाव सांग म्हणा. एकबी चुकलं का गाडी काढा. तेल नोका चोयू, कबुतर नोका मारू, तोंडात पानी नोका टाकू. गाडी काढा. शेवटी तर पोरेसोरेही त्याच्याबरोबर ओरडू लागली — गाडी काढा, गाडी काढा.

एका वाक्यास शेवट नव्हता, एक विभक्ती जागेवर नव्हती.

आभार मानण्यासाठी मी उठलो. तोपर्यंत सर्व मंडळी रक्तदाब मोजून घेण्यासाठी ज्योत्स्नाच्या टेबलाकडे गेली होती. मी सतरंज्यांचे आभार मानले.

दि. १३ जुलै, सोमवार

जेवताना सौभाग्यवतीने विचारले, 'काहून तोंड पाडून बसले? तुमालेबी लकवा पाह्यजे का?'

भाकरी चांगली झाली आहे, एवढेच म्हणालो.

दि. २५ जुलै, शनिवार

त्या उपदेशाचे शुद्ध रूप तयार केले. तीन दिवस खपून. मुखवक्रता, हस्तदौर्बल्य, वाणीस्खलन — ही त्रयी ओळखून रुग्णास विनाविलंब रुग्णालयी न्यावे. ज्योत्स्नास वाचून दाखवले. मुलगी भली आहे. तिने पूर्ण ऐकून घेतले. मग विचारले, आबाजी, मुखवक्रता म्हणजे काय? मी म्हणालो, तोंड वाकडे होणे. ती म्हणाली, मग तसंच म्हणू ना.

कागद घडी करून ठेवला.

दि. २ ऑगस्ट, रविवार

खुशालरावाचे आज पलीकडच्या गावी भाषण होते. मी माझ्या कामाने तिकडे गेलो. काम काही नव्हते.

जाताना गयासुद्दीनने आरशातून पाहून विचारले, 'काय आबाजी, खुशालकाकाचे मुरीद झाले काय तुमी?' गाडीतल्या बायका हसल्या. मी, आणि खुशालरावाचा शिष्य! पुढच्या सीटवर खुशालराव. त्यास फुकट नेतो. माझ्याकडून भाडे घेतले.

सभेत मी पहिल्या रांगेत बसलो. शेवटी मॅडमनी कोणास काही शंका आहेत का असे विचारले, म्हणून मी उठलो. माझी सूचना अगदी साधी होती. वक्त्यांनी 'लकवा' हा गावंढळ शब्द टाकून 'पक्षाघात' हा योग्य शब्द वापरावा, म्हणजे ऐकणाऱ्यांसही वळण लागेल. मी हे अत्यंत नम्रपणे मांडले.

खुशालरावाने ध्वनिक्षेपक तोंडाशी नेला.

'किसन्या, तू पक्षाघात म्हणेपर्यंत माणूस मरून जाते बे.'

ते पटांगण कसे हसले, ते मी येथे लिहिणार नाही. मॅडमही हसल्या. नंतर त्यांनी तोंडावर हात धरला, पण हसल्या.

परतीच्या वाटेवर तो म्हणाला, राग नोको धरू, सभेत असं चालते. मला शिकवतो — सभेत काय चालते!

दि. ३ ऑगस्ट, सोमवार

कोणाशी बोललो नाही.

दि. २० ऑगस्ट, गुरुवार

गंगूबाई गेली. आमच्याच आळीतील. सोमवारी सकाळी चुलीपुढे कलंडली. तोंड वाकडे, डावे अंग लुळे. मुलाने रिवाजाप्रमाणे केले. वारे गेले म्हणून अंधार्‍या खोलीत ठेवले, तेल लावले, कबुतराचे रक्त चोळले, बाहेरचे वारे लागू नये म्हणून दार बंद. आज पहाटे संपली. हा मुलगा जुलैच्या सभेस आला नव्हता. त्या दिवशी सोयाबीनमध्ये डवरणी होती.

चितेस अग्नी दिल्यावर सर्व मंडळी ओट्यासमोर बसली. मी उभा राहिलो. या चार-पाच वर्षांत या ओट्यावर मी कर्जापायी जीव दिलेल्या इतक्या तरण्याताठ्या पोरांविषयी बोललो आहे, की म्हाताऱ्या माणसाविषयी बोलताना एक प्रकारे बरे वाटते. अशा भाषणास कोणी खाली मान घालत नाही. गंगूबाईची कष्टाळू वृत्ती, तिचे भजन, तिचा स्वभाव — सर्व क्रमाने घेतले. दोन मिनिटे शांतता पाळण्याची विनंती करणार, तोच मागून खुशालराव उठला. कोणी बोलावले नव्हते! शोकसभेचा असा नियम नाही.

'गंगूबाई चांगली होती म्हंता, मंग काहून जाऊ देल्ली? तीन दिवस घरात होती. गाडी त दारातच उभी होती.'

चिता पेटलेली आहे, मुलगा ओल्या अंगाने समोर बसला आहे, आणि हा असे बोलतो! मला वाटले, आता लोक त्यास खाली बसवतील. कोणी बसवले नाही. मुलगा तर रडू लागला, तोपर्यंत रडला नव्हता. खुशालराव त्याच्यापाशी जाऊन बसला. त्याचा हात धरून तेथेच, तीच तीन वाक्ये पुन्हा सांगितली. हासून दाखव म्हणावं. हात वर कर म्हणावं. नाव सांग म्हणावं. लोक जवळ सरकले.

शांततेची विनंती राहून गेली. मागायची गरजही उरली नव्हती.

दि. २१ ऑगस्ट, शुक्रवार

मी माणूस गेल्यावर बोलतो. तो जाण्यापूर्वी बोलतो.

हे आज विहिरीवर सुचले. चांगले वाक्य आहे, पण कोठे वापरता येणार?

दि. १३ सप्टेंबर, रविवार

खुशालरावाचा अकोल्यास सत्कार झाला. मोठ्या सभागृहात. शाल, श्रीफळ, शिवाय वर्तमानपत्रात छायाचित्र. छायाचित्रात तो तेच करीत आहे — ओठ लोंबवून. खाली नाव. नावापुढे 'समाजप्रबोधनकार'!

मी नांदगाव खंडेश्वरच्या पलीकडे कधी बोललो नाही. मोझरीस राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथी महोत्सवाला दरसाल जातो, पण मांडवात बसावयास.

सौभाग्यवतीने छायाचित्र कापून ठेवू का म्हणून विचारले. मी म्हणालो, कशाला? ती म्हणाली, पाहत बसता ना, म्हणून.

दि. २७ सप्टेंबर, रविवार

आजची धरून त्याची बहुतेक सर्व भाषणे मी ऐकली. कोणी म्हणेल, यास दुसरा उद्योग नाही. माझे म्हणणे असे की, ज्यास चूक दाखवावयाची आहे त्याने पूर्ण ऐकले पाहिजे.

मला ते आता पाठ आहे. शिक्षणाचा विनोद, मग म्हैस, मग चहा, मग सोंग. सोंगात आधी दुपट्टा, मग ओठ, मग जीभ. मग डोळा मिचकावणे. कोठे श्वास घेतो तेही ठाऊक आहे. उजव्या पायाने किंचित ओढत चालतो, तो पाय सोंगाच्या वेळी जास्त ओढतो — नाटकी! लोकांस दिसत नाही. मला दिसते.

ज्योत्स्नाने आज पुन्हा रक्तदाब मोजण्याचा आग्रह केला. रांगेच्या तोंडाशी खुशालराव उभा राहून एकेकास पुढे ढकलीत होता. 'ये किसन्या, पट्टा बांधून घे, काई चावत नाई तो.' मी म्हणालो, माझी प्रकृती उत्तम आहे. त्याच्या हातून पुढे ढकलले जाणे नको.

दि. ६ ऑक्टोबर, मंगळवार

परवाचा वृत्तांत आज लिहितो. दोन दिवस अमरावतीस होतो.

रविवारी सभा दोन गावे सोडून, शाळेच्या पटांगणात होती. मॅडम आल्या नव्हत्या. आता त्यांच्यावाचूनही चालते. ज्योत्स्ना मागे व्हरांड्यात रक्तदाब मोजत होती. गयासुद्दीन फाटकापाशी गाडीत पाय पसरून पडला होता. मी पहिल्या रांगेत.

खुशालराव शाळेच्या ओट्यावर उभा राहिला. शिक्षणाचा विनोद झाला. म्हैस झाली. आता चहा यावयाचा. चहा आला नाही. तो मध्येच थांबला. दुपट्टा खाली पडला. ओठ लोंबला. जीभ जड झाली.

टाळ्या पडल्या. या सोंगाची कीर्ती आता सर्व गावांत झाली आहे, लोक त्यासाठीच येतात. मागे कोणी शिट्टीही मारली.

मी मनात म्हणालो, चुकला! चहा विसरला! आणि मला आनंद झाला. तो झाला, हे लिहून ठेवतो.

मग लक्षात आले की दुपट्टा डाव्या हातातून पडला आहे. सोंग उजव्या बाजूचे असते. त्याचा आजार उजव्या बाजूचा, म्हणून सोंगही उजव्याच. एकदाही बदल झालेला नाही. आज डावा ओठ खाली होता. डावा हात लोंबत होता. आणि डोळा मिचकावण्याची वेळ येऊन गेली होती.

मी तत्काळ उठलो असे लिहिता आले असते तर बरे होते. उठलो नाही. मनात आले, मॅडमनी दोन्ही बाजू दाखवण्यास सांगितले असेल तर? पक्षाघात शब्दावर हसलेली काही माणसे येथेही बसली होती. पुन्हा उठावे आणि पुन्हा हशा व्हावा, हे मला नको होते. टाळ्या थांबेपर्यंत मी बसून राहिलो. तेवढा वेळ माझ्यामुळे गेला.

मग उठलो. थांबवा म्हणालो. मागून कोणी म्हणाले, 'बसा ना आबाजी, आज कोनता शब्द चुकला?' हशा झाला. कोणी माझे धोतर धरले. मी ते सोडवून ओट्यावर चढलो आणि त्याचा चेहरा जवळून पाहिला. त्यास कळत होते. सर्व कळत होते. तो मदत मागत होता आणि समोर माणसे हसत होती.

माईक त्याच्या उजव्या हातात तसाच होता. मी तो घेतला. इतक्या महिन्यांत प्रथमच माझ्या हाती आला.

'खुशाल, हासून दाखव.'

अर्धे तोंड हसले.

'हात वर कर. दोनी.'

एकच गेला.

'नाव सांग लेका.'

जे निघाले ते नाव नव्हते. माईकमधून ते सर्वांनी ऐकले.

'सोंग नाई हे,' मी म्हणालो. 'गाडी काढा.'

त्यानंतर सर्वजण एकदम धावले. एकाने तांब्या आणला, मी ओतू दिला नाही. एक म्हातारा म्हणाला, कांदा फोडून नाकाशी धरा, गावातच एक तेल देणारा आहे, आधी त्यास दाखवू. मी त्यास काय काय बोललो ते आता स्मरत नाही. इतकेच स्मरते की सर्व वाक्ये खुशालरावाची होती आणि त्याच्याच बोलीत होती. गयासुद्दीनने गाडी ओट्यापर्यंत आणली. ज्योत्स्नाने मॅडमना फोन लावला आणि गाडीतही तो कानापासून काढला नाही. नांदगावात ते इंजेक्शन मिळत नाही, म्हणून तेथे थांबलो नाही, थेट अमरावती. माझ्या मांडीवर त्याचा डावा हात होता. ओल्या पोत्यासारखा जड.

दवाखान्याच्या दाराशी माणसे उभीच होती. आत नेले. इंजेक्शन वेळेत पडले, असे मॅडमनी बाहेर येऊन सांगितले. पुढचे आताच सांगता येत नाही म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहून त्यांनी मला खुर्चीवर बसवले आणि पट्टा बांधला. तो आकडा पाहून म्हणाल्या, 'काका, तुम्ही दुसऱ्याला घेऊन आलात की स्वतः भरती व्हायला?'

गोळ्या दिल्या आहेत. जन्मभर घ्यावयाच्या आहेत म्हणे.

दि. ९ ऑक्टोबर, शुक्रवार

दवाखान्यात गेलो. दुर्गाबाई व्हरांड्यात बसून होत्या. खुशालराव डोळे उघडतो, माणसे ओळखतो. बोलणे नाही.

दुर्गाबाईंनी स्वतःहून सांगितले. तो रक्तदाबाची गोळी घेत नव्हता. म्हणजे भाषणाच्या दिवशी घेत नव्हता. ती गोळी घेतली की सारखे लघवीस लागते, आणि भाषण चालू असताना ओट्यावरून खाली कसे उतरावे? लोक उठून जातील. पूर्वी आठवड्यातून एक भाषण असे. भादव्यापासून जवळजवळ रोज. मंग गोई राहूनच गेली, भाऊजी, असे म्हणून त्या पदराशी चाळा करीत बसल्या.

गावोगाव हाच सांगत होता, गोळी चुकवू नका!

प्रथम मला समाधान वाटले. शेवटी एक चूक सापडली, आणि तीही मोठी. पण ते समाधान फार वेळ टिकले नाही. भरलेल्या सभेसमोरून खाली उतरवत नाही, हे मला कोणी समजावून सांगावे लागत नाही. मीही उतरलो नसतो.

दि. १८ ऑक्टोबर, रविवार

मंदिरात नारळ देऊन माझा सत्कार झाला. आबाजींची नजर, आबाजींचा अनुभव, आबाजी होते म्हणून! सरपंचांनीही दोन शब्द सांगितले. ज्योत्स्नाने सर्वांसमोर विचारले, आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नाही, तुम्ही कसं ओळखलं? मी म्हणालो, वयाने माणसास काही गोष्टी कळतात.

खोटे आहे. कोणी बायकोने नवऱ्याकडे पाहिले नसेल इतके मी त्या माणसाकडे पाहिले. जीव जळत होता म्हणून पाहिले. प्रेमाने पाहणारे टाळ्या वाजवत होते.

दि. ८ नोव्हेंबर, रविवार

खुशालराव घरी आला. ओसरीवर खाट टाकली आहे. डावा पाय उचलतो, हात अजून नाही. सर्व गाव लोटले आहे. कोणी दूध, कोणी पपई. अकोल्याहून कोणी गाडी करून आले. पुन्हा तोच मध्यभागी! मला कोपऱ्यात स्टूल मिळाले, आणि चहाही उरलेला.

बोलण्याचा सराव करावयास सांगितला आहे, अवघड शब्द रोज म्हणावयाचे. दुर्गाबाई म्हणाल्या, ऐका, भाऊजींपुढे म्हणा. त्याने माझ्याकडे पाहिले, तोंड गोळा केले आणि फार वेळ लावून म्हणाला —

'पक्… शा… घात.'

ओसरी हसली. मीही हसलो. उच्चार, खरे सांगावयाचे तर, पुष्कळ शिकलेल्यांपेक्षा बरा होता.

दि. २० डिसेंबर, रविवार

ज्योत्स्ना आली. या वेळी किल्लीसाठी नव्हे. नव्या वर्षी सभा पुन्हा सुरू करावयाच्या आहेत. मॅडमनी माझे नाव सुचवले आहे. आबाजी, तुम्ही बोला. त्या दिवशी ओट्यावर बोलले तसे बोला, शुद्ध नको.

जुलैपासून मी याच वाक्याची वाट पाहत होतो. विचार करून सांगतो, म्हणालो.

विचार गोळीचा होता. लोक विचारणारच, सर्वांस शिकवणाऱ्यास लकवा दुसऱ्यांदा कसा झाला? खरे सांगितले नाही तर म्हणतील, गोळ्यांचा उपयोग नसतो, मग कशास घ्या. खरे सांगितले तर याची अब्रू जाते. समाजप्रबोधनकार! दुपारी त्याच्याकडे गेलो. ओसरीवर कोणी नव्हते. मी त्यास म्हणालो, खुशाल, मी बोलणार आहे, पण गोळीचे कोणापुढे काढणार नाही. तेवढी रीत मला कळते.

त्याने मान हलवली. नाही नाही, अशी.

'सांग,' म्हणाला. 'गोई… सांग. माह्यं… नाव घेऊन सांग.'

मी म्हणालो, लोक हसतील.

'हासू दे बे. हासले का… ध्यानात राह्यते.'

सोयाबीनचा भुसा भरलेली एक गाडी समोरून गेली. त्याच्या जागी मी असतो, तर ही गोष्ट माझ्या चितेवरसुद्धा कोणास बोलू दिली नसती. येथेही पुढे गेला तो! माईकवर एक वाक्य धड बोलता येत नाही, तरी पुढे!

घरी येऊन ज्योत्स्नास निरोप पाठवला. बोलतो म्हणून.

दि. ३ जानेवारी २०१६, रविवार

आज बोललो. लकवाच म्हणालो. गोळीचे सांगितले, नाव घेऊन सांगितले. लोक हसले, मग गप्प झाले.

पहिल्या रांगेत खुर्ची टाकून खुशाल बसला होता. त्याने उजव्या हाताने मांडीवरसुद्धा एकदाही टाळी वाजवली नाही. शेवटपर्यंत मान वळवली नाही. माझ्या ओठाकडे, माझ्या हाताकडे, पुन्हा ओठाकडे — कोठे चुकतो याची वाट पाहत. जळत होता. ती नजर कशी असते, हे माझ्याइतके कोणास ठाऊक?

मला फार निर्धास्त वाटले.